रात्री दहाचा प्रयोग : कथासाराच्या नोंदी

२ जून

आज रात्री दहा वाजले तरी बाबा झोपायला उठले नाहीत, तिथून हे काम सुरू झालं.

मी केबलवर चॅनेल फिरवत होते. इंग्रजी मालिकांच्या एका वाहिनीवर जुनी 'स्टार ट्रेक' लागली होती, अंतराळजहाजावरच्या कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांच्या स्पॉकची. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी शेजाऱ्यांकडे मांडी घालून पाहिली होती ती हीच. मला त्यातले कानच तेवढे आठवत होते. बाबांनी ती आज पहिल्यांदाच पाहिली. इंग्रजी त्यांना कळत नाही, आणि खालची ओळ वाचून होईपर्यंत पुढची आलेली असते. तरी खुर्ची पुढे ओढून बसले आणि दहा मिनिटांनी म्हणाले, "बाय, हा उजेड कोणी लावलाय गे?"

बाबा खाणीवर इलेक्ट्रिशियन होते. पण गोव्यात डिचोलीच्या आसपासच्या देवळांतून त्यांना ओळखतात ते जत्रेच्या नाटकांचे लाइटवाले म्हणून. पस्तीस वर्षं त्यांनी पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक सगळ्या नाटकांना लाइट लावली. पडद्यावर जहाजातली एक राखाडी भिंत होती आणि तिच्यावर जांभळा उजेड पडला होता. "भिंत रंगवलेली नाही," बाबा म्हणाले. "पुढे जिलेटीन लावलंय."

मी लगेच वाचून काढलं. बाबांचं बरोबर होतं. छायालेखक जेरी फिनरमन. भिंती राखाडीच असत, तो दिव्यांपुढे जिलेटीनचा रंगीत पारदर्शक कागद लावून त्यांना जांभळं, हिरवं, लाल करी. परग्रहाचं आकाश म्हणजे मागे ताणलेला कोरा पडदा आणि त्यावर सोडलेला रंग. मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीची मालक कंपनी आरसीए तेव्हा रंगीत टीव्ही विकत होती, त्यामुळे रंग उठून दिसलेले सगळ्यांनाच हवे होते.

ठरलं ते असं. एकूण ७९ भाग, सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सोळा आठवडे. मी शाळेत शिकवून आल्यावर त्या रात्रीच्या भागाची गोष्ट वाचायची आणि फुलस्केपच्या एका पानावर मोठ्या अक्षरात मराठीत उतरवायची. साडेनऊला पान बाबांच्या हातात. पूर्वी नाटक मंडळ्या खेळाआधी कथासाराचा कागद वाटायच्या, तसं. शेवट लिहायचा का, असं मी विचारलं तर बाबांना प्रश्नच कळेना. "शेवट ठाऊक नसला तर मी शेवटाचीच वाट बघत बसणार. मग लाइट कधी बघू?" अभिमन्यू मरणार हे जत्रेला आलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं, म्हणून पहाटेच्या आधी कुणी उठून जात नाही. शेवट लिहायचा.

३ जून

कालच्या भागाची ('द मॅन ट्रॅप') गोष्ट सकाळी चहाच्या वेळी सांगितली. रूप पालटणारा एक जीव माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेतो. आपल्या जातीतला तो शेवटचाच उरलेला आहे. अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली ती या भागाने. मीठ म्हटल्यावर बाबांची गाडी थेट दिवा कमी-जास्त करायच्या डिमरवर गेली.

हे मला कधीच माहीत नव्हतं, म्हणून नीट लिहून ठेवते. सुरुवातीला त्यांच्याकडे विकतचा डिमर नव्हता. चिनी मातीची उंच बरणी घ्यायची. तळाशी एक धातूची पट्टी, वर दोरीला बांधलेली दुसरी, मधे मिठाचं पाणी. वरची पट्टी खाली सोडली की दोघींतलं अंतर कमी होतं, करंट जास्त जातो आणि दिवा उजळतो. वर ओढली की मंदावतो. मीठ कमी पडलं तर दिवा पुरता पेटत नाही, जास्त झालं तर पाणी तापून वाफा यायला लागतात. उघड्या पाण्यात वीज असते, आज कुणी असलं करू नये, हेही त्यांनी लागलीच बजावलं. मग समोर दोरी नसताना ती सोडून दाखवली. अंगठा आणि तर्जनीतून, इंच इंच, नजर समोरच्या भिंतीवर. उषेच्या प्रवेशाला एवढं, म्हणाले, आणि हात थांबवला.

या भागासाठी भविष्यातल्या वाटतील अशा मीठदाण्या आणल्या होत्या. पण त्या मीठदाण्या आहेत हे बघणाऱ्याला कळणार नाही म्हणून साध्याच वापरल्या, आणि आणलेल्या त्या जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयची उपकरणं झाल्या. हे बाबांना फार आवडलं. उद्याच्या पानाच्या तळाशी अशी एक ओळ रोज द्यायची.

रात्री नवीन अडचण. ग्रह लंबगोल दिसतोय. बाबांनीच दाखवला, "चंद्र असा अंड्यासारखा का?" मालिका ४:३ च्या चौकटीत घेतलेली, आपला टीव्ही १६:९ चा. चित्र आडवं ताणून भरलं जातं, माणसं तेहतीस टक्के रुंद होतात. टीव्हीच्या मेनूत ४:३ केलं तरी फरक पडेना, कारण सेट-टॉप बॉक्स आधीच ताणून देत होता. दोन्हीकडे बदलल्यावर ग्रह गोल झाला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. "विंगा आल्या," बाबा म्हणाले.

४ जून

तिसऱ्या भागात डॉक्टर बदलला, कपडेही वेगळे. पान चुकलं असं बाबांना वाटलं. चूक माझी नव्हती. हा भाग आधी, १९६५ सालीच तयार झाला होता आणि दाखवला मात्र तिसरा. यापुढे क्रम वेगळा असेल तेव्हा पानाच्या डोक्यावर तसं लिहायचं.

१० जून

आठवडाभर घड्याळ लावून मोजलं. मूळ भाग साधारण ५० मिनिटांचा. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी घेतलेली, आपल्याकडचा टीव्ही २५ ने चालतो. तसंच पुढे चालवलं तर ५० ची ४८ मिनिटं होतात आणि आवाज हार्मोनियमच्या एका पट्टीला जरा कमी एवढा चढतो. केबलच्या नियमाप्रमाणे तासाला जाहिराती जास्तीत जास्त १२ मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटांचा भाग तासात अगदी चपखल बसायला हवा. पण माझ्या मोजणीत रोज ४३-४४ मिनिटंच भरतात. चारेक मिनिटं कुणीतरी कापलेली आहेत.

कापतात ते मारामारीतलं नव्हे. दोन माणसं नुसती बोलतात, एखादा दालनातून चालत जातो, कुणी क्षणभर गप्प उभा राहतो, ते जातं. मला याचा राग आला, आणि तो राग योग्यच आहे असं वाटतं. नाटकातली पदं गाळून नुसते संवाद म्हटले तर वेळ वाचतो हे खरं. पानावर होतं आणि पडद्यावर आलं नाही, अशा मजकुराला आता लाल रेघ मारते. बाबा म्हणतात, राहू दे लिहिलेलं, आम्ही ते समजून घेऊ.

१३ जून

शब्दांचं काम. पहिले दोन आठवडे मी इंग्रजी शब्द तसेच देवनागरीत ठेवले आणि बाबा प्रत्येक ठिकाणी अडखळले.

ट्रान्सपोर्टर : माणूस चकतीवर उभा राहतो, झगमगतो, नाहीसा होतो आणि ग्रहावर उमटतो. रोज जहाज उतरवून दाखवायला खर्च फार म्हणून ही युक्ती निघाली. ती झगमग म्हणजे प्रकाशाच्या झोतात सोडलेली ॲल्युमिनियमची भुकटी, कॅमेरा उलटा धरून संथ गतीत टिपलेली. मी 'किरणवहन' असा शब्द केला होता. बाबांनी वाचला आणि म्हणाले, "राळ उडाली म्हण ना." दशावतारात राक्षस येताना मशालीवर राळ फेकतात, भपकन ज्वाळा उठते आणि तेवढ्यात पात्र आलेलं असतं. पानावर 'अंतर्धान' लिहिते, कारण शाळेतल्या मुलांनाही ही पानं पुढे द्यायची आहेत. घरात मात्र राळच.

वार्प : हा शब्द तसाच ठेवला, समजावणी जोडली. सूर्याला सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा उजेड आपल्याकडे यायला सव्वाचार वर्षं लागतात. उजेडाहून वेगाने काही जाऊ शकत नाही, मग हे जहाज आठवड्याला नव्या ताऱ्याशी कसं पोचतं? लुगड्याच्या निऱ्या घातल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर बोटभर होतं, कापड तेवढंच राहतं. जहाज पळत नाही, पुढच्या जागेच्या निऱ्या घालतं. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या शास्त्रज्ञाने याच धर्तीवर गणित मांडलं. जहाजापुढची जागा आकसते, मागची पसरते. गणित जुळतं, पण त्याला लागणारी ऊर्जा कुठून आणायची त्याचा पत्ता नाही. हेही पानावर लिहिलं. गोष्टीतलं कुठलं आणि विज्ञानातलं कुठलं हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, ही सवय जयंत नारळीकरांचं वाचून लागलेली आहे. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली तीही १९६६ सालीच. या मालिकेच्याच वयाची.

आणखी एक. आज रात्री बाबांनी पेन्सिल मागितली. पानाच्या समासात त्यांनी लिहिलं : 'डावीकडून हिरवा. डोळ्यांवर फक्त पट्टी.' कर्क विचारात पडला की त्याच्या डोळ्यांवर आडवा उजेडाचा पट्टा टाकतात आणि बाकी चेहरा सावलीत ठेवतात. मी दहा भाग पाहिले, मला दिसला नव्हता.

२५ जून

'अरीना'. कर्क आणि सरड्यासारखा गॉर्न, दोघांना एका ओसाड ग्रहावर सोडून दिलेलं. हत्यार नाही. जमिनीवर जे सापडेल त्यातून करायचं. कर्क सोरा, गंधक आणि कोळसा गोळा करतो, बांबूसारख्या नळीत ठासतो, वर हिरे भरतो आणि बार उडवतो. गॉर्न हाती सापडल्यावर त्याला मारत नाही, हे मी पानाच्या शेवटी ठळक लिहिलं.

बाबांनी तारीख विचारली. १९ जानेवारी १९६७. ते हिशेब करायला लागले. त्याच आठवड्यात, १६ जानेवारीला, गोव्यात सार्वमत झालं होतं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. निशाण्या फूल की दोन पानं. आमच्या घराची भिंत फुलाने रंगवलेली होती, बाबा शाळेत जात होते आणि घरात रेडिओसुद्धा नव्हता. एवढं सांगून ते पुन्हा पडद्याकडे वळले.

प्रकाशयोजनेच्या दृष्टीने त्यांना हा भाग पसंत नाही. कॅलिफोर्नियातल्या वास्केझ रॉक्सवर उन्हात घेतलेला आहे. "सूर्यापुढे कुणाचं काय चालणार?" समास कोरा.

३ जुलै

पाऊस. पावणेदहाला वीज गेली ती साडेअकराला आली. भाग २४ चुकला. पान तयार होतं, बाबांनी मेणबत्तीपाशी वाचलं.

४ जुलै

'द डेव्हिल इन द डार्क', भाग २५. हे पान मी तीनदा लिहिलं, कारण गोष्ट खाणीची आहे आणि आमचं घर खाणीवर जगलेलं आहे.

जेनस ६ नावाच्या ग्रहावर खोल भुयारांत खनिज काढायचं काम चालू आहे. खालचा नवा थर उघडल्यापासून एकेक कामगार मरतोय. दगडातून आरपार वाट काढत काहीतरी येतं आणि माणसाला जाळून टाकतं. खाणीच्या साहेबाच्या टेबलावर एक गुळगुळीत गोल दगड ठेवलाय. त्या थरात असे हजारो दगड सापडले, ते कामाचे नाहीत म्हणून फुटले, फोडले गेले. स्पॉक त्या प्राण्याच्या अंगाला हात लावून त्याचं मन वाचतो तेव्हा कळतं की ती आई आहे. दगड ही तिची अंडी. पन्नास हजार वर्षांतून एकदा त्यांची सगळी जात मरते, एक मागे राहते आणि पुढच्या पिढीची अंडी राखते. ती राखणारी ही.

तिचं नाव होर्टा. ती सिलिकॉनची बनलेली आहे. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली बसतं, त्यालाही चार जोड करता येतात, म्हणून कार्बनऐवजी त्यावर जीव उभा राहील का हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारलेला आहे. वाळू आणि गारगोटी सिलिकॉनचीच, एवढं पानावर दिलं. डॉक्टर तिची जखम सिमेंटसारख्या लेपाने लिंपतो. लिंपतो हाच शब्द मला सुचला आणि तो बरोबर बसला.

होर्टाच्या आत यानोश प्रोहास्का होते, तो पोशाखही त्यांनीच केलेला. जमिनीवरून सरपटत जाणारा दगडी गालिचा म्हणता येईल. दुसऱ्या कुणाला ते खोटं वाटेल. बाबा पुढे वाकून बघत होते. आधी दोन गोष्टी त्यांनी समासात लिहिल्या होत्या, 'भुयाराची जमीन सपाट, स्टुडिओची' आणि 'दगडाला मागून तांबडा'. मग पेन्सिल ठेवली. ती प्राणी दगडावर अक्षरं कोरते, नो किल आय. मला मारू नका की मी मारणार नाही, दोन्ही अर्थ निघतात, आणि मी पानावर दोन्ही दिले होते. बाबांनी पान उचलून ती ओळ पुन्हा वाचली.

हे चित्रीकरण चालू असताना कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनर यांचे वडील वारले. ते अंत्यसंस्काराला जाऊन आले आणि काम पुरं केलं. मी हे पानाच्या तळाशी दिलं होतं. द्यायला नको होतं की काय, असं आता वाटतंय.

शेवटी तोडगा निघतो. अंडी फुटतात, पिल्लं आपल्या स्वभावाने दगड पोखरत जातात, मागून माणसं खनिज उचलतात. कुणी कुणाला मारत नाही. बाबा काही न बोलता उठले, टीव्ही बंद करायचंही माझ्यावर ठेवलं.

५ जुलै

सकाळी बाबा विहिरीपाशी उभे होते. पावसात ती भरलेली असते. मी शाळेत असताना तिला मार्चनंतर पाणी राहीनासं झालं, मग टँकर, मग नळ. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्यात पाणी भरतं. ते उपसल्याशिवाय माल निघत नाही, आणि ते उपसत राहिलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. मला हे पुस्तकात वाचून कळलं.

"पंप मीच चालू करायचो," बाबा म्हणाले. "चालू केला की पावसाळ्यापर्यंत बंद नाही." मग पुष्कळ वेळाने, "त्या माणसांना ठाऊक नव्हतं, दगड म्हणजे काय ते. आम्हाला दोन उन्हाळ्यांत कळलं होतं."

त्या पगारावर मी शिकले. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा बाबांची नोकरी संपतच आली होती. वाड्यावरच्या टिप्परवाल्यांची कर्जं मात्र डोक्यावर राहिली, त्यातल्या दोघांची मुलं माझ्या वर्गात होती. यातलं काही पानावर लिहिलेलं नाही. पान होर्टाच्या गोष्टीचं आहे. इथे लिहून ठेवते.

९ जुलै

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'. १९३० चं न्यूयॉर्क. कर्कचं जिच्यावर प्रेम जडतं ती एडिथ रस्त्यात गाडीखाली जाणार आहे, आणि तिला वाचवलं तर पुढचा सगळा इतिहास बिघडणार आहे. लिखाणात आतापर्यंतचा सर्वांत उत्तम भाग. शेवट पानावर आधीच द्यायचा, या बाबांच्या हट्टाचं मोल आज मला कळलं. एडिथ फुटपाथवरून खाली उतरली की दर वेळी आम्ही दोघं गाडी कुठे आहे ते बघत होतो, आणि ती अजून आलेली नव्हती.

३१ जुलै

ट्रिबल्सचा भाग. केसाळ गोळे, भराभर वाढतात, सगळं धान्य खातात. मी खूप हसले. बाबा अर्ध्यातच झोपले. "सगळीकडे सारखा उजेड," सकाळी म्हणाले. विनोदी नाटकाला ते स्वतःही फ्लडच लावायचे, पण ते आनंदाने नव्हे.

२५ ऑगस्ट

तिसरा सीझन चालू आहे आणि पैसे संपलेले दिसतात. मालिका दुसऱ्या सीझननंतरच बंद व्हायची होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून वाचली, पण मग तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, जेव्हा तिला बघणारी तरुण मंडळी घराबाहेर असत. आणि खर्च आणखी कापला.

आज 'स्पेक्टर ऑफ द गन'. गाव म्हणून नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या आहेत, मागे काही नाही, घड्याळ हवेत टांगलेलं, वर लालभडक आकाश. गोष्टीत त्याला कारण दिलंय, की हे गाव कर्कच्या आठवणीतून अर्धवट घडवलेलं आहे. पैसे नव्हते म्हणून असं झालं, आणि तसं झालं म्हणून भीती वाटते. बाबांनी समास भरून काढला आणि पानामागेही लिहिलं. मग म्हणाले, यंदा मखराला मागे चित्राचा पडदा नको, पांढरी चादर दे.

२९ ऑगस्ट

चवथीत तीन भाग गेले, ६२, ६३, ६४. दहाच्या सुमारास घरात आरती नाहीतर पाहुणे.

मखर लिहून ठेवायला हवं. गणपतीमागे पांढरी चादर ताणली. खाली पाटामागे दोन छोटे एलईडी फ्लड लपवले, त्यांच्यापुढे जुन्या पेटीतलं जिलेटीन. एकाला निळं, दुसऱ्याला जांभळं. दोन्ही चादरीवर मिसळून वर फिकट होत जातात. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या नारळाच्या आणि सुपारीच्या घोसांची सावली त्या आभाळावर पडते. लाल लावलं नाही. लालात मूर्तीचा रंग मरतो, असं म्हणाले. शेजारची वहिनी आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. "पहाट झाली की काय," म्हणाली. बाबांनी तिला बसायला पाट दिला आणि फिनरमनची सगळी हकिगत सांगितली, मी त्यांना पहिल्या रात्री सांगितली होती त्याहून चांगली.

२ सप्टेंबर

'द एम्पथ', भाग ६७.

पान दुपारीच तयार होतं. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय पकडले जातात. फुटायला आलेल्या ताऱ्याभोवतीचे ग्रह मरणार आहेत, एकाच ग्रहावरची माणसं वाचवता येतील. त्यांची एक मुलगी, जेम, परीक्षेला बसवली आहे. दुसऱ्याच्या जखमा स्वतःच्या अंगावर घेऊन ती त्याला बरं करू शकते. परक्यासाठी ती हे करील का, एवढंच बघायचंय. त्यासाठी या तिघांचा छळ चालतो. बीबीसीने त्या छळापायीच हा भाग पुष्कळ वर्षं दाखवला नव्हता.

जेम बोलू शकत नाही. पूर्ण भागात तिच्या तोंडी एकही शब्द नाही.

आणि सेट नाही. काळाकुट्ट रंगमंच, भिंत नाही, छत नाही. एक-दोन वस्तू, माणसं आणि वरून सोडलेला उजेड. पहिल्या दोन मिनिटांत बाबांनी पान घडी करून मांडीखाली सरकवलं आणि मला ट्यूबलाइट बंद करायला सांगितलं. मग तासभर आम्ही अंधारात बसलो. जेमने कर्कच्या मनगटाला हात लावला, त्याची जखम नाहीशी झाली आणि तिच्या मनगटावर उमटली, तेव्हा बाबांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला. अंगठा आणि तर्जनी जुळलेली. तिचा चेहरा उजळत गेला तशी बोटं सैल होत गेली, ती मागे कोसळली तेव्हा त्यांनी दोरी ओढून घेतली. त्यांना कळलं नसावं. जाहिराती लागल्या की हात परत गुडघ्यावर.

संपल्यावर एवढंच म्हणाले, "हिला तुझं पान लागत नाही." आणि मग, मला वाईट वाटलं असेल असं वाटून की काय, "बाकीच्यांना लागतं."

समास कोरा आहे. लिहायला उजेड नव्हता.

१८ सप्टेंबर

भाग ७९ झाला. अमेरिकेत तो ३ जून १९६९ ला दाखवला आणि मालिका बंद पडली. त्यानंतर ४७ दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. मग गावोगावच्या छोट्या वाहिन्यांनी हे ७९ भाग घेतले आणि रोज संध्याकाळी एक असे लावत राहिल्या. संपले की पुन्हा पहिल्यापासून. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचा पहिला मोठा मेळावा भरला तो या पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांचा.

आपली वाहिनीही थांबत नाही. उद्या परत भाग १.

शिल्लक काम : चार भाग बघायचे राहिलेत. याच क्रमाने गेलं तर २४ वा २२ ऑक्टोबरला, आणि चवथीतले तीन १५, १६, १७ डिसेंबरला. लाल रेघांची ठिकाणं दुसऱ्या फेरीत ताडून बघायची, कापलेलं दर वेळी तेच कापतात का ते कळेल. शाळेसाठी आधी दहा पानांची प्रत काढायची, होर्टाचं पान त्यात हवंच.

पहिल्या नऊ पानांचे समास रिकामे आहेत, तेव्हा पेन्सिल आलेली नव्हती. जांभळ्या भिंतीची नोंद कुठेच नाही. बाबांनी जेवण झाल्यावर पहिलं पान काढून घेतलं, समासाची रेघ आणखी एक बोट आत मारली आणि पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.